विद्यापीठाच्या चौकात ठेवलेला नारळ

वादळाचं लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं आहे. बत्तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाकडे सगळे वादळच मागतात. वादळं मी पाहिली. पण वादळात कामं एवढी असतात की घाबरायला सवड होत नाही. आयुष्यात मी मुळापासून हादरलो तो कोरड्या जमिनीवर, दिवसाउजेडी, अमेरिकेतल्या एका बाजारचौकात, पायात बूट नसताना. तेव्हा तेच लिहितो. चालत नसेल तर संपादकांनी वादळ दुसऱ्या कुणाकडून मागवून घ्यावं.

मी देवबागचा. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची पट्टी आणि तिच्यावर माडांखाली आमची घरं. आमच्याकडचा मुलगा एक तर मासे मारी, नाही तर मुंबईला जाई, नाही तर बोटीवर चढे. मी चढलो. खलाशाचा टिंडेल झालो आणि टिंडेलाचा सारंग. बाहेरच्या माणसाला वाटतं, सारंग म्हणजे सुकाणू धरून क्षितिजाकडे बघत उभा असतो. तसलं काही नाही. डेकवर काम करणाऱ्या खलाशांचा मुकादम तो सारंग. साहेबानं इंग्रजीत हळू बोलायचं, सारंगानं तेच आपल्या भाषेत ओरडायचं, दोर ओढून घ्यायचे, गंज खरवडून घ्यायचा, रंग लावून घ्यायचा आणि काम बिघडलं की दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. सारंगाचं भांडवल म्हणजे आवाज. वारा तोंडावर असतानाही बोटीच्या या टोकाचा त्या टोकाला गेला पाहिजे. माझा जात असे. अजूनही मी अंगणातून चहा मागितला की शेजारीण तिच्या चुलीवर आधण ठेवते.

बोटीवरच्या माणसाला गावात आणखी एक नोकरी आपोआप चिकटते. तो अख्ख्या वाडीचा टपालवाला होतो. रजा संपवून निघायची वेळ आली की आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाठोडी घेऊन माणसं बसलेली. लंडनच्या गोदीत भाऊ आहे, त्याला कोकमाची सोलं द्या. अमक्या बंदरात जावई उतरतो, त्याला गोड खाजं द्या. एका म्हाताऱ्यानं तर वाळवलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, शेरभर बांधून दिली. जकातीच्या साहेबानं माझी पेटी उघडली आणि दोन पावलं मागं सरला. यात काय मेलंय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, फिश सर, फॅमिली फिश. त्यानं झाकण बुटाच्या टोकानं लोटलं आणि पुढं त्या बंदरात माझ्या सामानाला कोणी हात म्हणून लावला नाही. एका बाईनं नवऱ्यासाठी काहीच दिलं नाही, नुसतं सांगितलं, ‘तेका बगून ये, नि दाढी वाढवल्यान काय ता माका सांग.’ दाढी चांगली छातीपर्यंत वाढवली होती. परत येऊन मी सांगितलं, नाय वाढवल्यान. असली बारीक खोटी मी पुष्कळ बोललो आणि ती सगळी पचली. म्हणून मला वाटायचं, या कामात आपला हात धरणारा कोणी नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्यापासून चार माड सोडून सुभद्राकाकीचं घर. तिचा नवरा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाई, तो लवकर वारला. मागं एकच झील, म्हणजे मुलगा, सदानंद. हा सदा गणितात असा होता की मालवणच्या शाळेतले मास्तर त्याला फळ्याशी उभं करून स्वतः बाकावर जाऊन बसत. मुंबईला शिकला, शिष्यवृत्ती मिळवली आणि अमेरिकेतल्या एका जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात गेला. तो निघाला त्या दिवशी मालवणच्या बाजारपेठेत त्याला हार घातले, भाषणं झाली, तो पडावात बसेपर्यंत धक्क्यावर ताशे वाजत होते. काकी मागे गर्दीत उभी होती. तिला कोणी पुढं बोलावलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही.

वर्षभर त्याचे कागद येत. काकीला वाचता येत नसे. पाकीट न फोडता ती पदराखाली घालून मास्तरांकडे जाई. मास्तर संध्याकाळी तिच्या खळ्यात येऊन ते मोठ्यानं वाचत आणि ऐकायला सगळी वाडी बसे. बायका मुलं घेऊन येत. सदाचा कागद म्हणजे आमच्याकडचं कीर्तनच होतं. मग कागद थांबले. एक महिना, दोन महिने करता करता चौदा महिने गेले. मास्तरांनी लिहिलेली पत्रं शिक्के खाऊन परत आली. वाडीतल्या लोकांनी आधी विचारलं, मग विचारायचं सोडलं, आणि न विचारणं काकीला जास्त लागलं.

मी रजेवर होतो तेव्हा तिनं देवळात कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. झील जितो आसा काय, हा पहिला प्रश्न. उजवी पडली. काकी उभी होती ती तिथंच खाली बसली. मग कागद का येत नाही, यावर कौल लावणारा घाडी पाच-सात पाकळ्या पाडून म्हणाला, ‘थयल्या जाग्यावाल्याक विचारूक नाय तुझ्या झिलान.’ आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, तोच जाग्यावाला. नव्या ठिकाणी राहायला गेलात तर त्याला नारळ ठेवायचा, बाबा, मी आलोय, सांभाळून घे, असं सांगायचं. अमेरिकेला जाताना हे कोणाच्या लक्षात राहणार?

दुसऱ्या दिवशी काकी दारच्या माडाचा नारळ सोलून, शेंडी राखून घेऊन आली. तिनं तो माझ्या हातात दिला आणि हात तसेच धरून ठेवले.

‘बाबल, तुझी बोट अमेरिकेक जाता मां?’

‘जाता गो काकी. पण खंयच्या बंदराक लागात काय सांगूचा?’

‘लागात. थंय जो जाग्यावालो आसात, तेका ह्यो ठेव. गाऱ्हाणा घाल. नि झील दिसलो तर बग. जितो आसा इतक्याच माका कळाक होया. कौलान जितो म्हटल्यान, पण माणसान बगूक होया.’

मी हो म्हटलं. मनात थोडा हसलोही होतो, ते कबूल करतो.

तो नारळ मी दोन महिने सांभाळला. समुद्रापासून नाही, आमच्या भंडाऱ्यापासून. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. हा गोव्याचा होता आणि बटाटे खाऊन खाऊन त्याचा जीव आंबला होता. रोज येऊन नारळ कानाशी हलवून बघे आणि म्हणे, सारंग, अजून पाणी आहे, आज केला तर माशाचं झक्क हुमण होईल. रात्री मी तो उशाशी घेऊन झोपत होतो. आणि काकी म्हणाली तसंच झालं. बोट शेवटी बोस्टनच्या बंदराला लागली. सदाच्या शेवटच्या पाकिटावरचा पत्ता मी मार्कोनीसाहेबाला, म्हणजे तारेच्या यंत्रावरच्या साहेबाला दाखवला. तो म्हणाला, हे तर इथलंच, नदीपलीकडं. भुयारी गाडीत बस आणि शेवटच्या स्टेशनावर उतर.

संध्याकाळी सहापर्यंतची रजा काढून मी निघालो. अंगात बोटीचा निळा डगला, पिशवीत नारळ आणि कुंकवाची पुडी. जमिनीखालून वर आलो तो थेट चौकात. विद्यापीठाचा चौक म्हणून माझ्या डोळ्यांपुढं काही तरी देवळासारखं शांत होतं. वर बघतो तो भर बाजार. चौक म्हणायचा, पण त्याला चार कोन नव्हते. तीन-चार रस्ते कसेही येऊन एकमेकांत घुसले होते. टोप्यांचं दुकान, तंबाखूचं दुकान, पुस्तकांची दुकानं ओळीनं, न्हावी, कॉफीची हॉटेलं, मध्यभागी वर्तमानपत्रांचा ठेला. मोटारी माणसांच्या अंगावर आणि माणसं मोटारींच्या. एका बाजूला विटांची लांब भिंत आणि तिला लोखंडी फाटक. त्या फाटकाच्या आत म्हणे विद्यापीठ. एका पाटीवर लिहिलं होतं की पूर्वी इथं गावचा बाजार भरत असे. ते वाचून मला जरा धीर आला. म्हणजे इथंही कोणी मासळीवाली कोणाशी भांडली असेल. बाकी सगळंच अंगावर येत होतं. प्रोफेसरासारखे दिसणारे म्हातारे रस्त्यात उभ्यानं पाव खात होते.

वर्तमानपत्राच्या ठेल्यावर मी पत्त्याचा कागद पुढं केला. आत गठ्ठे सोडणारा एक माणूस होता, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, गळपट्टा नाकापर्यंत गुंडाळलेला. त्यानं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि एक शब्द न बोलता बोटानं रस्ता दाखवला. शिष्ट मेलो, असं मी मालवणीत म्हटलं आणि निघालो.

पत्त्यावर एक जाडजूड घरमालकीण निघाली. सदानंदचं नाव तिला बोलता येईना, पण काकीनं बरोबर दिलेला फोटो पाहून तिनं ओळखलं. गेला, म्हणाली. वर्ष झालं. कुठं गेला? खांदे उडवले. मग मी ते लोखंडी फाटक ओलांडून कचेरी शोधत गेलो. तिथल्या बाईनं पेट्यांतून कार्डं काढली, पुन्हा पुन्हा पाहिली आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की या नावाचा विद्यार्थी आता इथं नाही. स्वतःच नाव काढून घेतलं आहे. मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. मी तिला तेच परत बोलायला लावलं. तिनं परत सांगितलं. ज्याच्यासाठी मालवणात ताशे वाजले तो पोरगा तिथं नव्हताच. म्हणजे कुठं होता? कौल खोटा पडला की काय, हा विचार मनात आला आणि मी तो घाईघाईनं झटकला.

चौकात परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. आता नारळ ठेवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. पण ठेवायचा कुठं? आमच्याकडे जाग्यावाला म्हणजे एखादा जुना पाषाण, झाडाखालचा, कडेचा. मी चौकाला दोन फेऱ्या मारल्या. रस्त्याच्या कडेला एक जुनी दफनभूमी होती, आणि तिच्या कुंपणाच्या कोपऱ्याला लागून एक उभा दगड. काळपट, वाऱ्यापावसानं झिजलेला, वर काही अक्षरं. वर एका झाडाची फांदी आलेली. मी मनात म्हटलं, हाच. दुसरा कोण असणार? तो मैलाचा दगड होता हे मला नंतर कळलं. बोस्टन किती मैल, ते त्याच्यावर लिहिलं होतं.

बूट काढले. टोपी काढून बाजूला ठेवली. फरशी अशी गार की टाचांतून कळ डोक्यात गेली. विड्याचं पान कुठून आणणार, म्हणून त्या झाडाचं लाल झालेलं एक पान उचललं, दगडापुढं ठेवलं, वर नारळ, शेंडी दगडाकडे. दगडाला कुंकू लावलं. हात जोडले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याबरोबर कोणी नाही.

गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. एकानं मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तो व्हय मिळाला की मागणं देवाकडे पोचलं. व्हय म्हणायला एक तरी माणूस लागतो. बोटीवरून दुसरा कोणी मालवणी खलाशी बरोबर घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. पण आता मागं फिरणार कसा? म्हटलं, घालतो तसंच. आणि गाऱ्हाणं पुटपुटायचं नसतं, म्हणून घातलं मोठ्यानं, सारंगाच्या आवाजात.

‘बा देवा जाग्यावाल्या म्हाराजा, मी देवबागचो बाबल सारंग, तुझ्या पायाकडे इलंय. तुझी भाषा माका येणा नाय, माझी तुका समजान घे रे म्हाराजा...’

सवयीनं थांबलो. अर्थात कोणी काही बोललं नाही. फक्त चौकातले पाय थांबल्याचं कानाला कळलं. मागं माणसं जमायला लागली. विद्यार्थी असणार. कोणी तरी हसलं. माझ्या उलट्या पडलेल्या टोपीत टणकन एक नाणं पडलं. असा संताप आला की मागं वळून एकेकाला खाडीत बुडवावं. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. मी डोळे मिटले आणि आवाज आणखी चढवला.

‘देवबागच्या सुभद्रेचो झील सदानंद तुझ्या जाग्यार इलो. तुका विचारूक नाय, ता त्येचा चुकला. पोर आसा, पदरात घे. आणि जंय आसात थंयसून आवशीच्या नजरेक पाड रे म्हाराजा...’

‘व्हय म्हाराजा!’

माझ्या मागून आला आवाज. मोठा, खणखणीत, देवळात येतो तसा.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं दगडच बोलला. वादळात ज्याचं कधी काही हललं नाही तो मी, दगडाला धरून उभा राहिलो. मग वळलो. गर्दीत सगळी गोरी तोंडं. आणि त्यांच्यात तो ठेल्यावरचा टोपीवाला, गळपट्टा खाली सरकलेला, काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा, शाईनं काळी झालेली बोटं स्वतःच्या तोंडावर दाबून धरलेली. त्याचे डोळे माझ्यापेक्षा मोठे झाले होते. बोलायचं त्याच्या मनात नव्हतंच. लहानपणापासून देवळात उभं राहून जे हजारदा तोंडातून निघालं, ते त्याला विचारायला न थांबता निघून गेलं होतं.

सकाळी मला रस्ता दाखवणारा सदाच होता. मला स्वतःच्याच जुन्या पत्त्यावर धाडून तो ठेल्यात बसून राहिला होता.

मी काय केलं ते सांगायला मला आज लाज वाटते. चार पावलांत त्याच्यापाशी गेलो आणि कानाखाली दिली. सारंगाचा हात, गठ्ठा सगळा फरशीवर पसरला. गर्दी एकदम मागं हटली आणि एक पोलीस पुढं आला. आता माझी रवानगी तुरुंगात आणि बोट माझ्याशिवाय जाणार, हे मला दिसायला लागलं. तेवढ्यात सदा गालावर हात धरून पोलिसाशी भराभर इंग्रजीत बोलायला लागला. पोलीस एकदा नारळाकडे, एकदा दगडाकडे, एकदा माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिला. शेवटी टोपीला बोट लावून मागं सरकला.

‘काय सांगलंस तेका?’ मी विचारलं.

‘सांगलंय, माझो काको आसा. देव करता. मारलो ता घरचा.’

फरशीच्या कडेवर मी नारळ फोडला. दोन महिन्यांत पाणी आटून आत खोबऱ्याचा गोटा सुटला होता. पोलिसाला एक तुकडा दिला, त्यानं तो बराच वेळ चघळला आणि थँक यू म्हणाला. बाकीचं आम्ही दोघं दफनभूमीच्या कट्ट्यावर बसून खात राहिलो. सदा खोबरं खाई आणि रडे, आणि दोन्ही एकदम जमेना म्हणून मधे थांबे.

मग त्यानं सांगितलं. ‘बाबलकाकानू, हंय सगळेच पयले आसत. आपापल्या गावात ताशे वाजवून इलेले. पयल्या म्हयन्यात माका कळला, मी शेवटचो. रात रात बसलंय, डोक्यात जाय नाय. परीक्षेक बसलंय नि कोरो कागद ठेवन इलंय.’ एकदा नाही, दोनदा. मग तोंड दाखवायला नको म्हणून नाव काढून घेतलं. विद्यार्थी नाही म्हटल्यावर त्या देशात राहायचा हक्कही संपला होता. ठेलेवाल्या म्हाताऱ्यानं कागदपत्रं न विचारता ठेवून घेतलं होतं.

‘अरे पण आवशीक एक ओळ? नापास झालंय, इतक्या लिवूक काय झाला?’

‘कोणाक लिवू?’ तो म्हणाला. ‘कागद आयेक वाचूक येता काय? मास्तर वाचतले. खळ्यात. सगळी वाडी बसतली. नापास झालंय ता आयेक सगळ्यांच्या मदी बसान ऐकूचा लागतला. नि खोटा लिवलंय तर मास्तर ता मोठ्यान वाचतले, नि ती सगळ्यांकडे बगून हसतली. ता माका जास्त.’

सात कागद त्यानं लिहिले होते आणि सातही खिशात घालून फिरून फाडले होते. आमच्या वाडीनं त्या वाचनाचा किती आनंद घेतला होता, आणि मी स्वतः सगळ्यात पुढं बसत होतो.

सव्वापाच होत आले होते. मी म्हटलं, मी आवशीक काय सांगू? तो म्हणाला, गावलो नाय म्हणान सांगा. मी म्हटलं, ते माझ्यानं होणार नाही, जिता आहे एवढं तरी सांगेन. त्यानं माझे दोन्ही हात धरले, काकीनं धरले होते तसेच. ‘जितो म्हटलास तर ती इचारतली, काय करता. तुमी काय सांगशात? गावलो नाय. एवढाच. मी उबो रवलंय काय मीच लिवतलंय.’ ठेल्यासमोर उभं राहून मी त्याला शब्द दिला. माणूस धरून आणायला गेलो होतो आणि शब्द देऊन आलो. गाडी जमिनीखाली शिरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की कानाखाली मारल्याचं वाईट वाटलं, असं मी त्याला एकदाही म्हणालो नाही. ते अजून राहून गेलं आहे.

पुढं तीन वर्षांनी सदा परत आला, मालवणातच मास्तर झाला, आणि नापास होणाऱ्या मुलांना तो घरी बोलावून शिकवत असे, एवढं सांगितलं तरी पुरे. हे लिहायला त्याचीच संमती आहे. परवा म्हणाला, काकानू, आता लिवा, ऐकूक आये नाय. पण माझी गोष्ट तो परत येण्याच्या आधीची आहे.

मी देवबागला पोचलो तो वैशाखात. काकी खळ्यात कोकमं फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. मला बघून उठली नाही, नुसता पाट पुढं सारला. मी बोटीवर महिनोन्महिने घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं.

‘काकी, सगळो चौक भोवलंय, कचेरीत इचारलंय, घरमालकिणीक इचारलंय. गावलो नाय गो.’

तिनं एक कोकम फोडलं, बी एका बाजूला, साल एका बाजूला.

‘नारळ?’

‘ठेवलंय. जुनो पाषाण होतो, थंय.’

‘गाऱ्हाणा घातलंस?’

‘घातलंय. मोठ्यान.’ इथवर सगळं खरं होतं, त्यामुळे माझा आवाजही नीट होता.

काकीनं हातातलं कोकम खाली ठेवलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

‘व्हय कोण म्हणालो?’

एवढी बंदरं फिरलो, साहेबांना फसवलं, जकातवाल्यांना फसवलं, दाढ्या लपवल्या, आणि हा प्रश्न कोणी विचारील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मीच म्हणालो, असं सांगायला तोंड उघडलं. पण आपलं गाऱ्हाणं आणि आपलाच व्हय, असं होत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अमेरिकेच्या चौकात व्हय म्हाराजा म्हणणारा माणूस एकच असू शकतो. मी तोंड मिटलं. ज्याचा आवाज बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाई, त्याच्या घशातून वारा निघेना. काकीचे लाल हात मांडीवर तसेच उताणे पडले होते.

मग ती हळूच म्हणाली, ‘आवाज कसो होतो? बसलेलो काय?’

मी शब्द दिला होता. तो तोंडानं मोडला नाही, एवढंच समाधान. मान हलवली, नाही म्हणून.

‘मोठो होतो?’

मी पुन्हा मान हलवली, हो म्हणून.

‘मगे झाला,’ ती म्हणाली. पदरानं नाही, दंडानं डोळे पुसले, हात कोकमाचे होते म्हणून. आणि परत फोडायला बसली. मी उठून निघालो तेव्हा तिनं मान वर न करता मला थांबवलं.

‘बाबल, वाडीत इचारतले. गावलो नाय म्हणान सांग. तेका लाज दिसतली.’

ती पुढली तीन वर्षं सगळी वाडी तिची कीव करत होती. बायका येऊन तिच्याजवळ बसत, उसासे टाकत, तिच्या नशिबाला बोल लावत, आणि ती ते सगळं खाली मान घालून ऐकून घेई. देवळात गाऱ्हाणं झालं की मात्र सगळ्यांच्या व्हयमध्ये तिचा व्हय मला वेगळा ऐकू येई, आणि मी तिच्याकडे बघत नसे.